बाराबंदीचा पांढरा नेमका कसा छापायचा? कृष्णधवल फोटोंसाठी शाई आणि सॉफ्टवेअरची निवड

सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, मिरवणुकीत काढलेला एक फोटो. नंदीध्वज पेलणाऱ्या मानकऱ्याच्या अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी, कपाळावर घाम, मागे सावलीतली गर्दी. संगणकावर कृष्णधवल केला तेव्हा फोटो फार आवडला. घरच्या सहा रंगांच्या टँक प्रिंटरवर छापून ट्यूबलाइटखाली धरला, तर बाराबंदीच्या चुण्या हिरवट दिसल्या. तोच कागद खिडकीशी नेला, तर गुलाबी. प्रिंटर बिघडला नव्हता, शाई मूळ कंपनीची होती, नोझल चेकही (शाईच्या छिद्रांची चाचणी) स्वच्छ येत होता. चूक माझ्या समजुतीत होती. करडा रंग सेटिंगमधून मिळतो असं मला वाटत होतं. तो शाईतून मिळतो, आणि शाईत नसेल तर सॉफ्टवेअर त्याची फक्त उसनवारी करतं.

सोलापुरात कृष्णधवल छपाईची आवड असलेले बरेच जण याच जागी अडकतात आणि मग महागड्या सॉफ्टवेअरकडे वळतात. म्हणून हा लेख ज्या क्रमाने निर्णय घ्यावेत त्याच क्रमाने लिहिला आहे: कागद, शाई, सॉफ्टवेअर आणि शेवटी तपासणी.

करडा रंग येतो कुठून

आपण काळा-पांढरा फोटो म्हणतो, पण त्यात पूर्ण काळं आणि कोरं पांढरं फार थोडं असतं. पांढरा म्हणजे तर नुसता कागद. बाकी सगळं करडं. आता एप्सनच्या एल ८०५ किंवा एल १८०० मध्ये कोणत्या शाया असतात ते बघा: काळी, सायन, मजेंटा, पिवळी, फिकी सायन, फिकी मजेंटा. करडी एकही नाही. त्यामुळे फिकट करडा दाखवायला ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) मुख्यतः या रंगीत शायांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी टाकतो आणि आपल्या डोळ्यांना करड्याचा भास होतो. काळ्या शाईचे ठिपके फिकट भागात खरखरीत दिसतात, म्हणून ड्रायव्हर ती गडद भागासाठी राखून ठेवतो.

रंगांचं हे प्रमाण किंचित ढळलं तरी रंगीत फोटोत कळत नाही. इरकलीच्या काठात, झाडाच्या हिरव्यात ते खपून जातं. कृष्णधवल फोटोत मात्र ते लगेच उघडं पडतं. शिवाय ट्यूबलाइट, एलईडी आणि दिवसाचा उजेड यांत या रंगीत शाया सारख्या दिसत नाहीत, म्हणून तीच प्रिंट एका खोलीत हिरवट आणि दुसऱ्या खोलीत गुलाबी वाटते. छपाईवाले याला मेटामेरिझम म्हणतात.

तुमचा प्रिंटर काय करतो हे बघायला सुताचे धागे मोजायचं घडीचं भिंग पुरतं. सोलापुरात ते यंत्रमागाशी संबंध असलेल्या कुठल्याही घरात सापडेल. ड्रायव्हरमध्ये ‘ग्रेस्केल’वर खूण करून एक प्रिंट काढा आणि फिकट भाग भिंगातून बघा. ठिपके निळे, गुलाबी, पिवळे दिसले, तर तुमचा करडा उसना आहे.

पहिली पायरी: कागद

शाईच्या आधी कागद का, असं वाटेल. कारण काळी शाईच दोन प्रकारची असते आणि कागद ठरल्याशिवाय कोणती लागेल ते ठरत नाही. चकचकीत, लस्टर (मंद चमकीचा) आणि बरायटा (जुन्या डार्करूमच्या कागदासारखा) कागदाला फोटो ब्लॅक लागते, मॅट आणि सुती कागदाला मॅट ब्लॅक. अदलाबदल झाली तर मॅट कागदावरचा काळा राखेसारखा दिसतो, आणि चकचकीत कागदावर मॅट ब्लॅक नीट बसत नाही, बोटाला लागते.

मॅट सुती कागदावर काळ्याची घनता (काळा किती गडद, त्याचं माप) साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, चांगल्या बरायटावर २.२ च्या पुढे. हा आकडा लॉगॅरिदमिक आहे, त्यामुळे फरक दिसतो त्याहून बराच मोठा आहे. रात्रीचा फोटो, दिव्यांच्या रोषणाईत उजळलेलं सिद्धेश्वर मंदिर आणि तलावाचं काळं पाणी, यांसाठी बरायटा घ्या. बंद पडलेल्या मिलच्या भिंती, चिमण्या, उन्हात वाळणारं सूत, भुईकोट किल्ल्याचे दगड यांसाठी मला मॅट सुती कागदच आवडतो. त्याचा काळा उथळ असतो हे खरं, पण दगडाचा खरखरीतपणा त्यावर जसा उतरतो तसा चकचकीत कागदावर उतरत नाही.

हानेम्युले फोटो रॅग (३०८ जीएसएम) आणि कॅन्सनचे प्लॅटिन किंवा बरायटा (३१० जीएसएम) हे या कामाचे नावाजलेले कागद. सुरुवातीलाच त्यांवर पैसे घालू नका. एक साधा मॅट आणि एक लस्टर कागद निवडा आणि निदान ३-४ महिने तेच वापरा. दर महिन्याला कागद बदलणाऱ्याला आपली चूक कागदाची की शाईची हे कळतच नाही.

कागद फार पांढरा दिसत असेल, तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर असण्याची शक्यता असते. उजेडानं हे द्रव्य हळूहळू निकामी होतं आणि कागद मूळ पिवळसर छटेवर येतो. उजेडाच्या भिंतीवर लावायच्या फोटोला ब्राइटनर नसलेला कागद बरा.

दुसरी पायरी: शाई

पहिला प्रश्न डाय की पिगमेंट. डाय शाईत रंग विरघळलेला असतो आणि तो कागदाच्या लेपात मुरतो. चकचकीत कागदावर ती सुंदर दिसते, पण उजेड आणि हवेतल्या ओझोनपुढे कमी टिकते. पिगमेंटमध्ये रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते लेपावर किंवा लेपाच्या वरच्या थरात बसतात आणि जास्त टिकतात. चकचकीत कागदावर मात्र पिगमेंटची प्रिंट तिरकी धरली की काळ्या भागावर तांब्यासारखी झाक दिसू शकते, आणि कोरा भाग व छापलेला भाग यांची चमक वेगळी वाटते. कॅननच्या प्रो १००० मध्ये यासाठीच क्रोमा ऑप्टिमायझर नावाचा बिनरंगी द्रव असतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: करड्या शाया किती?

एकही नसेल, म्हणजे एल ८०५ आणि एल १८०० सारखी मॉडेलं असतील, तर तो प्रिंटर फेकू नका. यावर दोन उपाय आहेत. तुमचा एकच कागद आणि एकच शाई धरून स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजायचं यंत्र) असलेल्याकडून खास आयसीसी प्रोफाइल, म्हणजे या जोडीवर रंग कसे उतरतात त्याचा तक्ता, करून घ्या. बराच रंग त्यानं आटोक्यात येतो, पण उजेड बदलल्यावर दिसणारा फरक पूर्ण जात नाही. दुसरा उपाय सोपा आहे आणि मी तो वर्षभर वापरला. फोटोला मुद्दाम हलकी तपकिरी छटा द्या. सगळ्या फोटोभर सारखी ऊब असली की इकडेतिकडे डोकावणारा हिरवट-गुलाबीपणा डोळ्यांत येत नाही. जुन्या वाड्यांचे आणि मिलचे फोटो असे छान दिसतात. बाराबंदीला हा उपाय चालत नाही, ती पांढरीच हवी.

एक-दोन करड्या शाया असलेले मधले प्रिंटर घरच्या कामाला मला सगळ्यात योग्य वाटतात. एप्सनच्या एल ८१८० मध्ये एक करडी शाई आहे आणि तो ए३ प्लसपर्यंत छापतो. कॅननच्या प्रो २०० मध्ये दोन करड्या आहेत, पण शाई डाय आहे. आल्बम, घरातल्या फ्रेम, छोटं प्रदर्शन एवढं काम असेल तर इथे थांबायला हरकत नाही.

फोटो विकायचे असतील किंवा पुढच्या पिढीसाठी ठेवायचे असतील, तर पिगमेंटचे प्रिंटर बघा: एप्सनचे पी ७०० आणि पी ९००, कॅननचे प्रो ३०० आणि प्रो १०००. एप्सनने २००५ च्या सुमारास के३ शाया आणल्या, म्हणजे एक काळी आणि तिच्या दोन फिक्या पायऱ्या, आणि घरबसल्या तटस्थ करडा छापणं तेव्हापासून सोपं झालं. पी ७०० आणि पी ९०० मध्ये फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक यांना वेगवेगळे नोझल आहेत. जुना पी ८०० स्वस्तात मिळत असेल तर लक्षात ठेवा, त्यात दोन्ही काळ्या शाया एकाच वाटेनं येतात आणि प्रत्येक बदलाला शाई वाया जाते.

शेवटचा प्रकार निव्वळ कार्बनच्या शायांचा. जुना एप्सन प्रिंटर घेऊन त्यातले सगळे रंग काढायचे आणि काळ्याच्याच सहा-सात पायऱ्या भरायच्या. अमेरिकेतल्या जॉन कोन यांची पिएझोग्राफी याच कल्पनेवर उभी आहे. पॉल रोर्क यांनी तर स्वतः शाया मिसळायच्या कृती सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या. कार्बन म्हणजे आपली काजळीच. जुन्या पोथ्यांची शाई काजळीची, म्हणून तर ती अजून वाचता येते. कार्बनचा कल जरा उबदार छटेकडे असतो, तो तटस्थ करायला निळसर पिगमेंटचा अंश घालतात. अशा प्रिंटमध्ये फिकट भागातही ठिपका शोधून सापडत नाही आणि रंग डोकावण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. पण शाया परदेशातून मागवाव्या लागतात, त्यांना मुदत असते, आणि तो प्रिंटर पुन्हा रंगीत कामाला येत नाही. आठवड्याला निदान दोन-चार कृष्णधवल प्रिंट काढणाऱ्यानेच हा मार्ग धरावा. वॉरंटीतल्या प्रिंटरवर हा प्रयोग कुणीही करू नये.

एका बाबतीत मी ठाम आहे. कॉम्प्युटरच्या दुकानात सुट्या बाटलीत ‘सगळ्यांना चालते’ म्हणून मिळणारी शाई कृष्णधवल कामाला घेऊ नका. एका दिवाळीत मी ती वापरली. पहिल्या दिवशी प्रिंट बरी दिसली आणि पुढच्या दिवाळीपर्यंत दारासमोरच्या भिंतीवरचा फोटो जांभळट झाला. शाईचा एक घटक लवकर उडाला की करड्याचा तोल जातो. टिकाऊपणाचे आकडे हवे असतील तर विल्हेल्म इमेजिंग रिसर्च आणि आर्डेनबर्ग यांच्या चाचण्या बघा. त्या शाई आणि कागद अशा जोडीच्या असतात, नुसत्या शाईच्या नाहीत.

तिसरी पायरी: फोटो तयार करणं

रंग नुसता काढून टाकू नका, रंगांचं करड्यात रूपांतर करा. सोलापुरी चादर समोर ठेवून हे लगेच कळतं. लाल जमिनीवर हिरवी नक्षी असलेल्या चादरीचा फोटो घ्या आणि सॅच्युरेशन शून्य करा. लाल आणि हिरवा यांचा उजळपणा जवळपास सारखा असेल तर नक्षी पुसली जाते. फोटोशॉपच्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ॲडजस्टमेंटमध्ये लाल गडद आणि हिरवा उजळ केला की नक्षी परत येते. फुकट सॉफ्टवेअरमध्ये जिम्पचा मोनो मिक्सर किंवा डार्कटेबलचं कलर कॅलिब्रेशन हेच काम करतं. काम १६ बिटमध्ये ठेवा. ८ बिटमध्ये उन्हाळी आभाळासारख्या सपाट भागात पट्टे पडतात.

मोठेपणाची काळजी फार करू नका. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ६००० पिक्सेलची असते. १८ इंचावर छापला तरी इंचाला ३३३ पिक्सेल मिळतात. तेवढे पुरेसे आहेत.

पडद्याचा उजेड मात्र कमी करा. प्रिंट अंधारी येते या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये नसतं, भगभगीत पडद्यात असतं. छपाईसाठी चौरस मीटरला ८० ते १०० कँडेला उजेड पुरतो. मोजायचं यंत्र नसेल तर कोरा कागद खोलीच्या उजेडात पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावरचं पांढरं त्याच्याइतकंच वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा.

चौथी पायरी: कोणत्या वाटेनं छापायचं

एप्सनच्या पी ७००, पी ९०० सारख्या मॉडेलांत ‘ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ आणि कॅननच्या प्रो मॉडेलांत ‘ब्लॅक अँड व्हाइट फोटो’ हा पर्याय ड्रायव्हरमध्येच मिळतो, त्याला वेगळे पैसे नाहीत. सुरुवात इथूनच करा. या वाटेनं प्रिंटर मुख्यतः करड्या शाया वापरतो आणि छटेपुरता थोडा रंग घालतो. फोटोशॉपमधून छापताना फोटो ‘ग्रे गॅमा २.२’ या प्रोफाइलमध्ये ठेवा, रंगाचा कारभार ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ म्हणून प्रिंटरकडे द्या, मग ड्रायव्हरमध्ये आपल्याच कागदाचा मीडिया टाइप निवडा. किती शाई टाकायची हे मीडिया टाइपवरून ठरतं. एप्सनच्या टोनमध्ये ‘डार्कर’ आणि ‘डार्क’ अशा पायऱ्या असतात. सावल्या बुजत असतील तर ‘डार्क’ करून बघा, नावावर जाऊ नका, ‘डार्कर’पेक्षा ते उजळ आहे. छटा आधी न्यूट्रल ठेवा. चकचकीत कागदावर कोऱ्या भागाची चमक वेगळी दिसत असेल तर ‘हायलाइट पॉइंट शिफ्ट’ चालू करा, म्हणजे कोऱ्या जागीही शाईचा हलका थर बसतो.

दुसरी वाट आयसीसी प्रोफाइलची. ड्रायव्हरमध्ये वरचा पर्याय नसलेल्या प्रिंटरला हीच वाट. इथे ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडायचं, कागदाचं प्रोफाइल लावायचं, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू ठेवायचं आणि ड्रायव्हरमधलं रंगनियंत्रण पूर्ण बंद करायचं. ते बंद करायला लोक विसरतात. मग दोघंही रंग सुधारायला जातात आणि प्रिंट बिघडते.

तिसरी वाट क्वाडटोन रिपची. रिप म्हणजे कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी शाई कशी टाकायची हे ठरवणारं सॉफ्टवेअर. रॉय हॅरिंग्टन यांनी केलेलं हे शेअरवेअर ५० डॉलरला मिळतं, आधी वापरून बघता येतं, आणि विंडोज व मॅक दोन्हींवर चालतं. फक्त एप्सनच्या ठरावीक मॉडेलांना ते चालतं, म्हणून प्रिंटर घेण्याआधीच त्याची यादी बघा. प्रत्येक शाई किती टक्क्यांपासून सुरू व्हावी, कुठे सर्वांत जास्त यावी, कुठे संपावी हे सगळं इथे आपल्या हातात येतं. कार्बन शायांना याच्यासारखं सॉफ्टवेअर लागतंच. कंपनीच्या शायांवर मात्र आधीची वाट वापरून नेमकं काय कमी पडतंय हे सांगता येईल तेव्हाच इकडे या. इमेजप्रिंटसारखे महागडे रिप रोज गिऱ्हाइकांचं काम असलेल्या छपाईवाल्यांसाठी आहेत. घरच्या माणसाला त्या पैशात कितीतरी कागद आणि शाई येईल.

पाचवी पायरी: २१ घरांची पट्टी

ही पायरी टाळलीत तर आधीचं सगळं अंदाजावर राहतं. ० पासून १०० पर्यंत दर ५ टक्क्यांनी गडद होत जाणारी २१ घरांची पट्टी तयार करा आणि नेहमीच्याच सेटिंगने, नेहमीच्याच कागदावर छापा. लगेच निकाल लावू नका. पिगमेंटची प्रिंट अर्धा-पाऊण तास आणि डायची एक दिवस वाळू द्या, काळा तेवढ्यात बदलतो.

मग सकाळी व्हरांड्यात, सावलीच्या उजेडात बघा. ५ टक्क्यांचं घर कोऱ्या कागदापासून वेगळं कळतंय का? ९०, ९५ आणि १०० ही तीन घरं वेगळी दिसतात का? शेवटची तिन्ही एकच झाली असतील तर सावल्या बुजताहेत. आधी मीडिया टाइप तपासा, मग टोन उजळ करा. मॅट कागदावर शेवटची दोन घरं जवळ येणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मधेच एखादं घर शेजाऱ्यापेक्षा एकदम उडी मारत असेल, तर बहुतेक तिथे एका शाईकडून दुसरीकडे जाताना सांधा चुकला आहे किंवा नोझल बंद आहे.

साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवरही पट्टी मोजता येते. आपोआप सुधारणा करणारे सगळे पर्याय बंद करून स्कॅन करा, प्रत्येक घराचा आकडा लिहा आणि आलेख काढा. रेघ जिथे वाकेल तिथे फोटोशॉपच्या कर्व्हमध्ये उलटी सुधारणा करून तो कर्व्ह कागदाच्या नावाने ठेवून द्या. क्वाडटोन रिपमध्ये हे आकडे भरले की ते स्वतः रेघ सरळ करून देतं.

शेवटी तीच पट्टी ट्यूबलाइट, पिवळा एलईडी आणि खिडकी अशा तीन उजेडांत फिरवा. फोटो जिथे टांगायचा तिथला उजेड महत्त्वाचा.

सोलापूरचा उन्हाळा आणि यंत्रमागाचे तंतू

एप्सनचे बरेचसे प्रिंटर ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी आणि २० ते ८० टक्के आर्द्रतेसाठी बनवलेले असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. छताच्या खोलीत ठेवलेल्या प्रिंटरचं नोझल याच दिवसांत सुकतं. प्रिंटर खालच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत टाळून ठेवा. कूलरचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नका, कागद ओल धरून कडांना वाकतो आणि हेडला घासतो. आठवड्यातून एकदा सगळ्या शाया वापरणारं छोटं चित्र छापा. हेड क्लिनिंग लागोपाठ तीनदा करूनही रेघा तुटत असतील तर थांबा, रात्रभर तसंच ठेवून सकाळी पुन्हा बघा. हेडला नळाचं किंवा बोअरचं पाणी लावू नका, क्षार बसतात.

प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, म्हणजे हेड झाकणावर जाऊन बसतं. भिंतीचं बटण बंद केलं किंवा छापताना वीज गेली तर ते अर्ध्या वाटेत उघडं राहतं, आणि मे महिन्यात तेवढा वेळ शाई सुकायला पुरतो. छोटा यूपीएस असेल तर चालू प्रिंट पूर्ण होते.

पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या वस्तीत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कापसाचे बारीक तंतू हवेतून कागदावर बसतात, शाई त्यांच्यावर पडते, मग तंतू गळतो आणि गडद काळ्यात पांढरा ठिपका राहतो. सुती कागदाचे स्वतःचेही सुटे कण असतात. प्रत्येक कागद उभा धरून मऊ, कोरड्या ब्रशने झटका आणि मगच ट्रेमध्ये घाला. लेपाची बाजू ओळखू येत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलं बोट टेकवा. जी बाजू चिकटते ती छापायची.

प्रिंट पूर्ण वाळल्यावर फ्रेममध्ये काच आणि फोटो यांच्यात माउंटबोर्डची जाडी राहू द्या, नाहीतर पावसाळ्याच्या ओलीत फोटो काचेला चिकटतो. फ्रेम बंद करण्याआधी मागच्या कोऱ्या कडेवर मऊ पेन्सिलीने कागद, शाई, मीडिया टाइप, टोन आणि तारीख लिहा. माझ्या बाराबंदीच्या आताच्या प्रिंटमागे ‘मॅट सुती, न्यूट्रल, डार्क’ एवढंच लिहिलं आहे, आणि त्याच ओळीवरून मी ती दुसऱ्यांदा छापून त्या मानकऱ्यांच्या घरी नेऊन दिली.